पाणी दिलेली कणसं

दुसरा घास तोंडात होता तेव्हा मला राखेत माझं अक्षर दिसलं. आगटीच्या कडेला, निखाऱ्यांपासून वीतभर लांब, प्लास्टिकची पिवळी खुणेची पट्टी अर्धी वितळून वळली होती आणि उरलेल्या अर्ध्यावर मार्करने काढलेला इंग्रजी सी होता. कंट्रोलचा सी. मी तो असाच काढते, खालचं टोक उगाच आत वळवून. लहानपणी अण्णांनी त्यावरून माझ्या बोटांवर पट्टी मारली होती, तरी ते टोक आत वळायचं थांबलं नाही. तोंडात गरम, गोड, चिकातले दाणे होते. त्यांना शेंगदाण्याची चटणी लागलेली होती आणि दात आपलं काम करत होते. मी थांबले नाही, थुंकले नाही. कुणाचं कणीस आहे ते कळल्यावरही मी तो घास नीट चावून गिळला आणि तो मला चांगला लागला. फार चांगला लागला. त्या दुपारी मला ज्या ज्या गोष्टींचा राग आला, त्यांत या चवीचा पहिला नंबर होता.

आमचं केंद्र देवगाव फाट्याच्या अलीकडे आहे, ज्वारीवर संशोधन करणारं. थंडीत वरून कुणी साहेब आले की प्रक्षेत्रावर हुरडा व्हायचाच, ती तिथली रीतच. संशोधनाचे अहवाल साहेबांनी वाचले नाहीत तरी चालतं, हुरड्याला मात्र ते पोचतात. जमिनीत खड्डा खणून गोवऱ्या पेटवायच्या, कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळून फुंकर मारायची. सतरंज्या, दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, बोरं. या सगळ्याच्या मधोमध आबासाहेब सर उभे होते. माझे मार्गदर्शक, येत्या मे महिन्यात निवृत्त होणारे, पांढऱ्या केसांना नीट वळण दिलेले. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी स्वतःच्या तळहातावर हुरडा चोळला होता, भूस उडवलं होतं आणि तो माझ्या हातात द्यायच्या ऐवजी थेट माझ्या तोंडापाशी धरला होता. "घे सुकेशनी. आपल्या हातचा." कुणीतरी मोबाईल पुढे केला. सर मोबाईलकडे बघून हसले आणि मग साहेबांकडे वळून म्हणाले, "आमच्याकडं तसलं काही नसतं साहेब. ही आमची मुलगीच आहे." तसलं म्हणजे कसलं, हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांना कळलं होतं. शेजारी राजेश्री होती, माझ्याच प्रयोगशाळेतली, वालूरच्या तालेवार शेतकऱ्याची सून. तिला सरांनी भरवलं नाही. तिला भरवायची गरज नव्हती; ती हक्काने सुपातून मूठ भरून घेत होती. मी तोंड उघडलं. मी काय करायला हवं होतं? सरांचा हात हवेत ठेवायचा? फोटो काढणारा म्हणाला, मॅडम जरा हसा, आणि मी हसले. तो पहिला घास. दुसरा मी माझ्या हाताने घेतला आणि मग खाली राखेत बघितलं.

पट्टी एक होती की चार, ते बघायला मी वाकले नाही. एका पट्टीत सगळं कळलं. पलीकडे पोत्यावर भाजायची राहिलेली कणसं पडली होती, देठापासून विळ्याने कापलेली, टपोरी, दाण्यांनी गच्च. पाणी दिलेल्या ज्वारीचीच कणसं अशी भरतात. माझ्या दोन वाफ्यांपैकी एकाला मी पोटरीपासून, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीपासून, पाणी तोडलं होतं आणि दुसऱ्याला, तुलनेसाठीच्या कंट्रोलला, नेमाने देत होते. वाण एक, पेरणी एका दिवशीची, माती तीच, फरक फक्त पाण्याचा. त्या फरकावर माझी इतकी वर्षं उभी होती आणि त्यातला अर्धा भाग आता साहेबांच्या पोटात, ड्रायव्हरच्या पोटात, राजेश्रीच्या आणि माझ्या पोटात होता. दाणे नेमक्या हुरड्याच्या अवस्थेतच गोठवायचे होते. आधी घेतले तर नुसतं पाणी निघतं, नंतर घेतले तर पीठ. द्रव नायट्रोजनचा कॅन नांदेडहून सोमवारी येणार होता आणि आज रविवार होता. उरलेली कणसं उचलून न्यावीत, असं एक क्षण वाटलं. पण सकाळी कापून उन्हात टाकलेलं कणीस म्हणजे तहानलेलं कणीस. त्याच्या आत आता तेच सुरू झालं असणार, जे मला पाणी तोडलेल्या वाफ्यात दाखवायचं होतं. माझ्या वाणाचं पाणी प्यायलेलं कणीस त्या प्रक्षेत्रावर उरलं नव्हतं.

हे जे आतमध्ये सुरू होतं, त्यावर मी जीव टाकला होता. सोपं आहे ते. लोक ते ऐकायच्या आधीच जांभई देतात म्हणून अवघड वाटतं. पेशी जनुकाची नक्कल करते. ती नक्कल तशीच वापरत नाही, तिच्यातले नको असलेले तुकडे कापून काढते आणि उरलेले एकमेकांना जोडते. जोडलेल्या मजकुरावरून प्रथिन तयार होतं. पण कधी कधी ती एखादा कामाचा तुकडाही, एखादा एक्झॉनही, गाळते, आणि त्याच जनुकातून वेगळंच, आखूड प्रथिन बाहेर पडतं. मी ज्या प्रथिनामागे लागले होते त्याला आम्ही प्रयोगशाळेत नुसतं 'क' म्हणायचो. लांब क दुसऱ्या एका प्रथिनाला, ख ला, घट्ट धरून ठेवतो. ख जागचा हलू शकत नाही. ज्या भागाने तो धरतो नेमका तोच भाग आखूड क मध्ये नसतो. मग ख सुटतो, पेशीच्या केंद्रकात जातो आणि पाण्याविना तगायची कामं सुरू करून देतो. यीस्टमध्ये दोघांना एकत्र टाकून मी हे पाहिलं होतं. लांब क टाकला की प्लेटवर वसाहती वाढायच्या, कारण दोघं जोडले गेलेले. आखूड टाकला की प्लेट कोरडी. पण यीस्ट म्हणजे ज्वारी नव्हे. खऱ्या दाण्यात, खऱ्या रानात, पाणी असताना पकड असते आणि पाणी तुटल्यावर सुटते, एवढं दाखवायचं राहिलं होतं. सर आखूड क ला 'डिफेक्टिव्ह' म्हणायचे. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी तसं छापलं होतं: हा कापण्यातला गोंधळ आहे, कचरा आहे, दुर्लक्ष करावं. माझं म्हणणं होतं की हा गोंधळ नाही. तहान लागल्यावर झाड मुद्दाम तो भाग गाळतं. ज्याला धरून ठेवलंय त्याला सोडण्यासाठी स्वतःचा हात कमी करतं. मी हे पहिल्यांदा बोलले तेव्हा सर म्हणाले होते, "तुला प्रत्येक गोष्टीत अन्याय दिसतो." मी अन्याय म्हणालेच नव्हते, मी एक्झॉन म्हणाले होते.

पंडित आगटीपाशी उकिडवा बसून कणसं उलटीपालटी करत होता. प्रक्षेत्रावरचा जुना माणूस, माझ्या वाफ्यांना पाणी तोच द्यायचा. मी त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, ही कणसं कुठून आणली. तो वर न बघता म्हणाला, "तुमच्याच वाफ्यातली की मॅडम. सर म्हन्ले, भरल्याली बघून आन, सायेब लोक यायलेत. तिथलीच लय भरली व्हती." मी म्हणाले, माझ्या वाफ्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना? आता त्याने वर पाहिलं. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते. "तुमी म्हन्ल्या व्हत्या, लाल दोरा बांधल्याल्या कनसाला हात लावायचा न्हाई. म्या लावला न्हाई. जाऊन बघा, एकबी हालल्यालं न्हाई." आणि ते खरं होतं. लाल दोरे मी पाणी तोडलेल्या वाफ्याला बांधले होते. मला ज्याचं कौतुक होतं, ज्यात माझा आखूड क होता, तो वाफा मी देव राखावा तसा राखला होता. कंट्रोलला कोण राखतं? कंट्रोल म्हणजे ज्यात काही घडत नाही ते. त्याला नुसतं पाणी द्यायचं असतं. पंडितवर ओरडता येत नव्हतं, म्हणून मला त्याचाही राग आला. "काय झालं मॅडम, खाऊने व्हय?" त्याने विचारलं. मी म्हणाले, नाही, खा.

मग मी सरांकडे गेले. जाताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती, की हे मुद्दाम केलेलं आहे. माझ्या निष्कर्षाने त्यांचं पंचवीस वर्षांपूर्वीचं छापील म्हणणं खोटं पडणार होतं, म्हणून त्यांनी माझा वाफा कापायला लावला. चालता चालता मी पुरावेसुद्धा जमवले. गेल्या महिन्यात त्यांनी माझा वाफा कुठला म्हणून विचारलं होतं. सोमवारऐवजी रविवार धरला होता. मला भरवतानाचं ते हसू. मला खरं सांगायचं तर त्या वेळी थोडं बरंही वाटत होतं. वैरी असेल तर माणसाला आपलं वजन कळतं. सर साहेबांना बोरं देत होते. मी म्हणाले, "सर, ही माझ्या कंट्रोल प्लॉटमधली कणसं आहेत." ते म्हणाले, "हो का?" त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. चोरी नव्हती, आनंदही नव्हता. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. माझा वाफा कुठला हे त्यांनी विचारलं होतं, उत्तर ऐकलं नव्हतं. मग त्यांना त्यातली गंमत सापडली आणि ते मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का साहेब? आपण सुकेशनीचा कंट्रोल खाल्ला!" साहेब हसले, म्हणून सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, पीएचडी पचायला जड जाईल हो. राजेश्रीही हसली, मग माझं तोंड बघून गप्प झाली. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, शेजारचा ब्रीडिंगवाल्यांचा प्लॉट आहे की. त्यातली घे. ज्वारी ती ज्वारी. मे महिन्याच्या आत तुझं आटपलं पाहिजे, नंतर तुला कोण विचारणार आहे?" वैर असतं तर फार बरं झालं असतं.

परभणीला परतताना राजेश्रीने मला तिच्या स्कूटीवर बसवलं. रस्ताभर ती बोलत होती. "मला काय म्हाईत गं तुझी कणसं हायती म्हणून. म्हाईत असतं तर मी हात तरी लावला असता का?" "तू आता तोंड फुगवून बसू नको. सर म्हणायलेत तसं कर. समदेच करत्यात." राजेश्री वाईट नाही, हे मला माहीत आहे आणि त्याने माझं काही हलकं होत नाही. ती माझ्यासाठी डब्यात जास्तीची भाकरी आणते आणि माझी भाजी मागून खाते, जरा जास्तच आवाजात मागते, चारचौघांना ऐकू जावं इतपत. तिने कधी मला काही टोचून बोलल्याचं आठवत नाही. पण गेल्या वर्षी तिच्या घरी, वालूरला, हळदीकुंकवाला मला बोलावलं होतं तेव्हा तिच्या सासूने आडनाव विचारलं. मी सांगितलं. सासू म्हणाली, "हां, हां. बसा की." आणि मग मला चहा स्टीलच्या फुलपात्रात आला, बाकी बायांना कपात. राजेश्रीने आपला कप माझ्यापुढे सरकवला आणि फुलपात्र स्वतः घेतलं, सासूच्या देखत. मला ते अजून विसरता येत नाही, आणि तो उपकार आहे की काय आहे ते ठरवताही येत नाही. स्कूटीवर मी तिच्या खांद्याला न धरता मागचा कठडा धरून बसले होते. खड्डा आला की ती म्हणायची, धर की गं मला, पडशील. मी धरलं नाही.

खोलीवर पोचते तोच बोरीहून अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे माझे वडील, सिद्धोधन गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवली. कुणा अधिकाऱ्याचं नाव नुसतं ऐकलं तरी ते बसल्या जागेवर सरळ होतात. भरवतानाचा तो फोटो केंद्राच्या ग्रुपवर पडला होता, तिथून बोरीला पोचायला किती वेळ लागतो! "जय भीम बाळा. बघितला गं फोटू. तुझ्या सायबानं सोताच्या हातानं भरवलं. माझ्या बापाला अशा माणसाच्या दारात उभं राहू देत नव्हते." मागून आई, केशरबाई, म्हणत होती, तिला म्हनावं त्वांड सांभाळ, त्वांड. मी अण्णांना सांगायला सुरुवात केली की ती कणसं माझी होती, वाफा गेला, वर्ष गेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग त्यांनी काय सांगितलं करायला?" मी सांगितलं. "मंग तसं कर की. सायबाला दुखवू नको. इथवर आलीस ती त्यांच्यामुळं." मला ओरडावंसं वाटलं की इथवर मी माझ्यामुळे आले, तुमच्या पट्टीमुळे आले, आईने दुसऱ्याच्या रानात खुरपलं त्यामुळे आले. पण अण्णा खूश होते. त्यांना इतकं खूश मी क्वचित पाहिलंय. मी म्हणाले, हो अण्णा.

आणि मी तसं केलं. सोमवारी नायट्रोजनचा कॅन आला तेव्हा मी ब्रीडिंगवाल्यांच्या प्लॉटात शिरले आणि दुसऱ्या वाणाची, दुसऱ्या तारखेला पेरलेली कणसं घेतली. हिरवे दाणे नायट्रोजनमध्ये पडले की चरचर आवाज येतो आणि पांढरी वाफ बोटांवरून खाली वाहते. लाल दोऱ्याचीही घेतली. पुढचे काही आठवडे मी प्रयोगशाळेतून हलले नाही. दाणे कुटणं, प्रथिनं काढणं, ख ला चिकटणारे मणी त्या रसात सोडून ख ला ओढून बाहेर काढणं आणि बघणं, त्याच्याबरोबर क येतो की नाही. मला वाटत होतं, दुसऱ्या वाणाचं काहीतरी भलतंच येईल आणि मग सरांपुढे आदळून म्हणता येईल की घ्या. प्रथिनांचे पट्टे उमटलेली फिल्म धुतली. लाल दोऱ्याच्या दाण्यांत ख एकटाच वर आला. क त्याच्यासोबत नव्हता. शेजारच्या प्लॉटातल्या दाण्यांत ख च्या बरोबर क, लांबलचक, काळाकुट्ट, ठसठशीत पट्टा. यीस्टमध्ये पाहिलं होतं तसंच. माझं म्हणणं शब्दशः खरं ठरल्यासारखं ते चित्र होतं. इतकं सुरेख चित्र मला माझ्या स्वतःच्या कणसांतूनही कदाचित मिळालं नसतं. राजेश्रीने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि आनंदाने मला मिठीच मारली. "बघ! आलं न्हाई का! उगंच जीव काढायलीस सोताचा." मी तिला म्हणाले की हा वाण वेगळा आहे. त्याला तहान लागली तरी तो भाग गळत नसेल, कुणाला माहीत. मग या पट्ट्याला काही अर्थ नाही, हा फरक पाण्याचा नसून वाणाचा असू शकतो. ती म्हणाली, "पण उत्तर तर तेच यायलंय ना, तुला पायजे तेच." तेच तर. मला हवं होतं तेच आलं होतं, आणि ते माझं नव्हतं. खोटं आलं असतं तरी सोसलं असतं. हे खऱ्यासारखं दिसणारं होतं, बहुधा खरंच असणारं, आणि त्याखाली मला लिहायचं होतं: त्याच वाणाचा, पाणी दिलेला.

त्या दिवसांत मला सगळ्यांची शिसारी येऊ लागली. चहाच्या टपरीवर कुणी पाठीवर थाप मारली की मी चहा अर्धा टाकून निघायचे. सर येता जाता म्हणायचे, चित्र काय सुंदर आलंय, आणि आखूड क ला आता ते डिफेक्टिव्ह म्हणत नव्हते. 'आपला शॉर्ट फॉर्म' म्हणत होते. पंचवीस वर्षांपूर्वीचं छापील म्हणणं ते एका दमात विसरून गेले होते, त्यांना त्याचं सोयरसुतकच नव्हतं. मी ज्याच्याशी इतकी वर्षं मनातल्या मनात भांडत होते तो माणूस भांडणात कधी नव्हताच. त्यांना मेच्या आत विद्यार्थ्यांच्या पीएचड्या उरकायच्या होत्या, म्हणजे निवृत्तीच्या भाषणात आकडा सांगता येतो. मला आरशात माझं तोंड दिसलं की वाटायचं, हे तोंड उघडलं होतं, त्या हातासमोर. कितीदा उघडलं आजवर? शाळेत पेढा देताना हेडमास्तर वरून टाकायचे तेव्हा ओंजळ केली. कॉलेजात कुणी म्हणालं, तुमच्यात लय हुशार असतात, तेव्हा थँक्यू म्हणाले. माझ्यातल्या कुठल्या भागाने मी या सगळ्यांना धरून होते? की त्यांनी मला धरलं होतं? विचार इथवर आला की मी चिडून उठायचे आणि बीकर घासत बसायचे. माणूस म्हणजे प्रथिन नव्हे, असं मी स्वतःला दरडावायचे. पण दरडावून काही जात नव्हतं.

प्रबंध देण्याआधीचं सेमिनार मार्चमध्ये ठरलं. केंद्राच्या सभागृहात पंखे सुरू झाले होते. बाहेरून तज्ज्ञ म्हणून एक बाई आल्या होत्या, बारीक, कडक, चष्म्यावरून बघणाऱ्या. सर पहिल्या रांगेत होते. लॅपटॉपपाशी राजेश्री होती, स्लाइड पुढे घ्यायला. आणि शेवटच्या रांगेत अण्णा. मी त्यांना येऊ नका म्हणाले होते. ते बोरीहून सकाळच्या एसटीने आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर पिशवी. त्यांना एक अक्षर कळणार नव्हतं आणि ते मान डोलावत होते. मी बोलत गेले. यीस्ट झालं, वसाहती झाल्या, कोरडी प्लेट झाली. मग ते चित्र आलं. सभागृहात जरा हालचाल झाली, कुणीतरी वा म्हणालं. बाईंनी हात वर केला. प्रश्न अगदी साधा होता, त्यांनी तो सवयीनेच विचारला असणार: "कंट्रोल कुठला घेतला?" माझ्याआधी सर बोलले. मान मागे वळवून, हसत, "त्याच वाणाचा, त्याच दिवशी पेरलेला मॅडम. शेजारी शेजारी वाफे." बाईंनी मान हलवली आणि पेन उघडलं. विषय संपला होता. मी नुसतं गप्प राहायचं होतं. खोटंही मला बोलायचं नव्हतं. ते माझ्यासाठी बोलून झालं होतं, घास चोळून तोंडापाशी धरला होता.

"नाही," मी म्हणाले. "हा कंट्रोल नाही. हा दुसराच वाण आहे. माझा कंट्रोल आम्ही खाल्ला."

आधी लोक हसले. हुरड्याला आलेल्यांना ती गंमत आठवली. बाई हसल्या नाहीत; त्यांनी चष्मा काढला. मी सांगितलं, काय झालं ते: कणसं, आगटी, शेजारचा प्लॉट. सांगताना कुणाला दोष दिला नाही. मीही खाल्लं, असंही सांगितलं. आवाज चढला नव्हता. म्हणजे हे चित्र काहीच सांगत नाही, बाई म्हणाल्या. मी म्हणाले, काहीच नाही, मला पुन्हा पेरावं लागेल. सर उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पुरता माझ्याकडे वळलेला होता. आज त्यांना मी कुठली हे कळलं होतं. "राजेश्री, पुढची स्लाइड घे," ते म्हणाले. स्लाइड हलली नाही. राजेश्रीला सुचलं नाही की तिने बटण दाबलं नाही, मी तिला अजून विचारलेलं नाही. सरांची सभागृहातली भाषा गळून पडली आणि गावची बाहेर आली. "पुन्हा पेरती म्हणं. कुनाच्या रानात पेरशील गं? हितं आता तुला वीतभर जागा मिळायची न्हाई. रान हाय का तुझ्या बापाकडं?"

वर पंखा फिरत होता. शेवटच्या रांगेत पिशवी खाली पडली आणि अण्णा उभे राहिलेले मला दिसले. सरांचा आवाज चढला म्हणून ते उठले होते, आयुष्यभर उठत आले तसे. त्यांनी हात जोडले. छातीशी, घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. "सायब," ते म्हणाले, "लेकरू हाय. चुकलं तिचं. माफी द्या." सगळ्या माना मागे वळल्या. मला वाटलं, जमीन फाटावी, मग वाटलं, नको, कशाला फाटावी. मला इतका राग आयुष्यात आला नव्हता आणि पहिल्यांदाच तो अण्णांच्या आरपार जाऊन पलीकडे कुठेतरी पोचत होता. इतकी वर्षं सभागृहात न बोललेल्या भाषेत मी बोलले.

"अण्णा, माजं काय चुकलं न्हाई. हात खाली घ्या."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. सर म्हणाले, बसा गुरुजी, बसा तुम्ही. अण्णा बसले नाहीत. तसेच उभे होते, पांढऱ्या शर्टात, सगळ्यांच्या डोक्यांवरून मला दिसतील असे. आणि मग त्यांचे हात सुटे झाले आणि खाली आले.